भाऱ्याच्या वाटेवरची तिसरी पायरी

स्पर्धेचा नकाशा व्हॉट्सॲपवर आला, तेव्हा वर्षाराणी संकलन केंद्राच्या खिडकीत उभी राहून गावाचं दूध मापून घेत होती. समोर किटल्या आणि कॅनांची रांग लागलेली, फॅटचं मशीन घरघरत होतं, त्यामुळे तो उघडून बघायला तिला सवड झाली ती शेवटचा कॅन आत गेल्यावर. पदराला हात पुसून तिनं नकाशा मोठा केला. पठाराच्या कडेपासून थेट सोंडवाडीच्या शाळेपर्यंत उतरणारी लाल रेघ पुरुष गटाची होती. महिला गटाची गुलाबी रेघ मात्र निम्म्या डोंगरातून, जांभळीच्या झाडाजवळून सुरू होत होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की गेल्या वर्षीचा अपघात लक्षात घेऊन महिला स्पर्धकांच्या सुरक्षेसाठी हा बदल केला आहे.

अपघात म्हणजे ती स्वतः.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं ती ओळ पुन्हा वाचली आणि फोन काउंटरवर पालथा घातला.

वर्षाराणी मूळची गडहिंग्लजकडची. शाळेत असताना साध्या सायकलवर ती जिल्ह्यापर्यंत शर्यती मारून आली होती. पुढं लग्न होऊन पन्हाळ्यापलीकडच्या सोंडवाडीत आली, दोन म्हशी, एक मुलगी आणि नवऱ्याचं दूध संकलन केंद्र यांत गुंतली, आणि सायकल सुटली ती सुटलीच. मग कोल्हापूरची पोरं जाड टायरांच्या सायकली जीपच्या टपावर बांधून पठारावर यायला लागली. ती वैरण आणायला गेली की बांधावर उभी राहून त्यांच्याकडं बघत राहायची. नवऱ्यानं, अमरसिंहनं, ते बघितलं. एक दिवस शहरातून परत येताना त्यानं टेम्पोत कॅनांच्या मधोमध एक जुनी डोंगरी सायकल आडवी घालून आणली आणि अंगणात उतरवत म्हणाला, "घे. निस्ती बघत उभी ऱ्हाऊ नको."

पठारावरून गावात उतरणाऱ्या पायवाटेला सोंडवाडीत भाऱ्याची वाट म्हणतात. पूर्वी बायका वरून कारवीचे आणि गवताचे भारे डोक्यावर घेऊन याच वाटेनं उतरायच्या. वाट मुरमाची, अंगावर येणारी, वळणावळणांची. वरून थोडं खाली आलं की जांभ्या दगडाच्या तीन पायऱ्या लागतात. पहिली गुडघ्याएवढी, दुसरी मांडीएवढी, तिसरी कंबरेला लागेल अशी. डाव्या हाताला ओघळ, उजवीकडं कारवीची दाट जाळी. मधे सायकलपुरती जागा. शहरातल्या क्लबनं या वाटेला डेव्हिल्स लाईन असं नाव ठेवलं आणि दर वर्षी इथं स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. वर्षाराणीनं या वाटेचा दगड अन् दगड सायकलवरून पाठ केला होता.

आणि तरी गेल्या वर्षी तिसऱ्या पायरीवर तिचं पुढचं चाक दगडाच्या फटीत अडकलं. ती हँडलवरून पुढं फेकली गेली, खांद्यावर आदळली, गळ्याजवळचं हाड मोडलं. आत स्टीलची पट्टी बसवावी लागली. त्याच दिवशी त्याच पायरीवर दोन पुरुषही पडले होते. एकाचं मनगट गेलं, दुसऱ्याचे पुढचे दात. पण या वर्षीच्या नकाशात लाल रेघ होती तिथंच होती.

रात्रीचं जेवण झाल्यावर तिनं अमरसिंहला नकाशा दाखवला. त्यानं तो नीट बघितला आणि फोन परत दिला.

"बरं केलंय की," तो म्हणाला. "खालनं सोपं हाय."

"सोपं हाय म्हणूनच नको."

"म्हंजे?"

"म्हंजे मी वरनं उतरणार."

अमरसिंह आवाज चढवणारा माणूस नव्हता. दारूत नव्हता, मारहाणीत नव्हता, बायकोनं सायकल चालवली म्हणून पारावर कुणी हसलं तर दोन दिवस त्याचं दूध सगळ्यांत शेवटी मापून घेणारा होता. पण गेल्या वर्षी ती पडली तेव्हा तिला पाठीवर घालून त्या वाटेनं खाली आणणारा तोच होता.

"वर्षा, मी तुला आणली तिथनं," तो म्हणाला. "तू बेसुद नव्हतीस. वाटभर वराडत हुतीस. ती वाट बघितली की अजून मला त्यो आवाज येतोय. तू वरनं ये, न्हायतर खालनं ये, न्हायतर घरात बस. पर मला बघायला बोलवू नको."

"न्हाय बोलवत," ती म्हणाली.

सासूबाई आक्का कोपऱ्यात लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना सून सायकलवर बसते हेच मुळात पटत नव्हतं. पोरीच्या आईनं पोरासारखं डोंगरावरून उड्या मारत यायचं म्हणजे काय, असं त्या दर आठवड्याला बोलून दाखवत. पण आज त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला.

"त्यात काय लिवलंय? बायकांना झेपत न्हाय म्हणून?"

"तसंच समजा."

"कुणी लिवलं?"

"क्लबवाल्यांनी. कोल्हापूरच्या."

आक्कांनी लसणाची साल ताटलीत झटकली. "लगीन होऊन आले तवा सासूनं तिसऱ्या दिवशी भारा दिला डोसक्यावर. पायात वहाण न्हाय. पोटात अमर हुता तरी उतरत हुते की त्या पायऱ्या. तवा कुणी आलं न्हाय सुरक्षा घिऊन." मग लगेच सुनेकडं डोळे वटारून म्हणाल्या, "म्हणून तू जावं असं न्हाय म्हणत मी. तू गप घरात बस."

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध टँकरमध्ये गेल्यावर वर्षाराणीनं स्पर्धेचे मुख्य संयोजक विजयसिंह यांना फोन लावला. माणूस मोठा गोड बोलायचा. शहरात जिम होती, दर रविवारी रंकाळ्यावर शंभरएक लोकांना सायकली चालवायला लावायचा, आणि सगळ्यांच्या बायकांना वहिनी म्हणायचा.

"वहिनी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "उलट तुमच्यासाठीच केलंय आम्ही."

"मी सांगितलं हुतं काय, करा म्हणून?"

"तसं नाही ओ. कमिटीत चर्चा झाली. परत काही झालं तर उत्तर कोण देणार?"

"पुरुषबी पडलेत की तिथंच. त्यांची सुरुवात का न्हाय हलवली?"

"त्यांचं वेगळं असतंय वहिनी."

"काय वेगळं? हाडं?"

पलीकडं तो हसला. मग थोडा गंभीर होऊन म्हणाला, की नियम ठरला आहे, बॅनर छापून झालेत, आता काही होणार नाही, पण बक्षीस समारंभात तुमचा सत्कार नक्की करू. वर्षाराणीनं फोन ठेवला.

बोलताना ती ठाम होती. पण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. पट्टी बसवल्यानंतर, खांदा मोकळा झाल्यानंतर, ती कितीतरी वेळा सायकल घेऊन वर गेली होती. पहिली पायरी उतरायची, दुसरी उतरायची, आणि तिसरीच्या तोंडाशी आली की दोन्ही ब्रेक आवळून खाली उतरायची. सायकल हातानं खाली ढकलायची आणि पुढं निघायची. कुणी नसताना सुद्धा तिला ते लाजिरवाणं वाटायचं. हात आपोआप आवळले जायचे. तिनं स्वतःला शिव्या घातल्या, देवाचं नाव घेतलं, डोळे मिटून बघितले. तिसरी पायरी काही उतरता आली नाही.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती अशीच तिसऱ्या पायरीपाशी सायकल धरून उभी होती, तेव्हा वरून एक पोरगी सायकल हातात धरून उतरत आली. बारकी, काळीसावळी, हेल्मेटखाली वेणी. इचलकरंजीची, नाव पूर्णिमा. सराव करायला एस.टी.च्या पहिल्या गाडीनं आली होती, सायकल टपावर टाकून. वडील यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला होते आणि आपली पोरगी डोंगरावरून सायकल चालवते हे ते पाळीवर सगळ्यांना सांगायचे, असं तिनं पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं.

"ताई, गेल्या वर्षी पडलेल्या त्या तुमीच काय?" तिनं विचारलं.

"व्हय."

पूर्णिमानं पायरीकडं बघितलं, मग वर्षाराणीकडं. ती मनात काही ठेवणारी दिसत नव्हती. "मी वर्षभर ह्या पायऱ्यांसाठी सराव केला," ती म्हणाली. "आमच्याकडं डोंगर न्हाई. तर मागाच्या शेडमागं फळ्या आणि विटा रचून उड्या मारल्या. आणि आता म्हणत्यात, बायकांनी खालनं सुटायचं. तुमी पडला म्हणून." बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं असावं. "म्हणजे तुमची चूक हाय असं न्हाई ओ."

"न्हाय, खरंय ते," वर्षाराणी म्हणाली.

दोघी पायरीच्या कडेला बसल्या. वर्षाराणीनं तिला फट दाखवली, ज्यात चाक अडकलं होतं. उजवीकडून, कारवीला खांदा घासेल इतकं चिकटून यायचं. पायरीच्या कडेवर ब्रेक सोडायचा. आवळायचा नाही. बूड पार मागं, सीटच्याही मागं घ्यायचं. आणि नजर दगडावर नाही, खालच्या वळणावर. दगडाकडं बघितलं की सायकल दगडाकडंच जाते.

"तुमाला सगळं माहिताय की," पूर्णिमा म्हणाली. "मग दाखवा."

वर्षाराणीनं हेल्मेटचा पट्टा आवळला, वर गेली, सायकलवर बसली. पहिली उतरली. दुसरी उतरली. तिसरीच्या तोंडाशी येऊन दोन्ही ब्रेक आवळले आणि पाय टेकला.

पूर्णिमानं आपली सायकल उचलली आणि ती पुढं निघाली. डोंगर उतरताना वर्षाराणीच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. उद्या कुणी विचारलं तर लोक म्हणतील, बघा, तिला स्वतःलाच उतरवत नाही, मग कमिटीचं काय चुकलं. आपल्या भीतीचा असा दाखला कुणी खिशात घेऊन फिरावा, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी पठारावर झोंबणारं वारं होतं. गवत वाळून पिवळं पडलेलं, मुरूम सैल झालेला. कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून गाड्या आल्या होत्या. कडेवर रंगीत कमान, ध्वनिक्षेपक, चहाची किटली. महिला गटाच्या मुलींना जीपनं जांभळीपाशी नेऊन सोडलं जात होतं. वर्षाराणी जीपमध्ये बसली नाही. तिनं गावातून सायकल खांद्यावर घेतली आणि चालत वर आली. गुडघ्याला आणि कोपराला पॅड बांधलेले, सीट पार खाली केलेली, टायरमधली हवा थोडी सोडलेली, म्हणजे मुरमावर पकड राहील.

कमानीपाशी निशाण घेऊन जोतीराम उभा होता. सोंडवाडीचाच, रोज सकाळी तिच्या खिडकीत दूध घालणारा.

"वैनी, तुमचं नाव खाली हाय," तो म्हणाला.

"नाव असूंदे खाली. मी हितनं सुटणार."

"असं कसं? मला सांगितलंय..."

"तुला सांगितलंय ते तू कर. तुझी चूक न्हाय ह्यात. विजयसिंहांना बोलव."

विजयसिंह कमानीच्या पलीकडंच होता. गळ्यात शिट्टी, हातात वॉकी-टॉकी. तो हसत आला, पण वर्षाराणीचा चेहरा बघून हसू आवरलं.

"वहिनी, सगळ्यांसमोर नको."

"मी कुठं वराडतीया? शेवटचा पुरुष स्पर्धक सुटला की मी सुटणार. कुणाला आडवी येणार न्हाय."

"मग मला तुम्हाला बाद धरायला लागेल."

"धरा."

"वेळ लिहिली जाणार नाही."

"नका लिहू."

"काही झालं तर?"

"झालं तर माझं हाड हाय. गेल्या वर्षी मोडलं तेबी माझंच हुतं, तुमी त्याचा नियम केलासा." तिनं त्याच्याकडं सरळ बघितलं. "ही स्पर्धा तुमची हाय विजयसिंह, डोंगूर तुमचा न्हाय. ह्या वाटंनं माझी सासू भारं घिऊन उतरलीया. मला हितनं उतरायला तुमची परवानगी लागत न्हाय."

आजूबाजूच्या पोरांतल्या कुणीतरी मोबाइल वर केला. विजयसिंहनं वॉकी-टॉकी तोंडाजवळ नेला, मग परत खाली घेतला. गावची वाट, गावचं गायरान, आणि निम्मे स्वयंसेवक सोंडवाडीचे. तो बाजूला झाला. परवानगी दिली असं नव्हे. आडवा उभा राहिला नाही, एवढंच.

पुरुष एकेक करून सुटत गेले. खालून मधूनच शिट्ट्यांचा आवाज यायचा, मधूनच कुणी पडल्याची ओरड. शेवटचा स्पर्धक दिसेनासा झाल्यावर जोतीरामनं सवयीनं निशाण वर केलं, मग विजयसिंहकडं बघितलं, मग वर्षाराणीकडं, आणि निशाण तसंच अर्धवट खाली आणलं.

तिनं ब्रेक सोडले.

सुरुवातीचा उतार तिला पाठ होता. पेडलवर उभी, गुडघे सैल, कोपर बाहेर. मुरूम टायरखाली सळसळत होता आणि मागचं चाक मधूनमधून घसरून परत जागेवर येत होतं. पहिलं वळण, दुसरं वळण, मग बाभळीच्या मुळांचा पट्टा. मुळांवर ब्रेक लावायचा नाही. तिनं लावला नाही. दात एकमेकांवर आदळत होते. कारवीच्या वाळलेल्या काड्या हेल्मेटवर सटासट बसत होत्या. श्वास मोठ्यानं येत होता आणि तिला तो ऐकू येत होता, म्हणजे ती घाबरलेली होती. घाबरलेली असूनही चाक सरळ चाललं होतं, हे तिच्या लक्षात आलं.

पायऱ्या लांबून दिसल्या. तिथं ओघळाच्या कडेनं माणसं दाटीनं उभी होती, पडलेलं बघायला माणसं तिथंच थांबतात. आणि त्यांच्यामध्ये, अगदी तिसऱ्या पायरीपाशी, अमरसिंह होता. वाटेकडं पाठ करून, ओघळाकडं तोंड करून उभा.

तो इथं का आला, हे विचारायला वेळ नव्हता. त्याची पाठ दिसली आणि तिला राग आला. त्याचा, विजयसिंहचा, त्या ओळीचा, आपल्या हातांचा, सगळ्यांचा एकदमच. पहिली पायरी ढोपरांतून निघून गेली. दुसरीला पुढचं चाक खाली टेकलं, मागचं टेकलं. बोटं आवळायला लागली. ब्रेकच्या दांडीवर ती कशी वळतायत हे तिला दिसत होतं, जणू दुसऱ्याचीच बोटं आहेत. न्हाय, ती मोठ्यानं म्हणाली. उजवीकडं घेतलं. कारवी खांद्याला घासली, नेमक्या त्याच, पट्टीच्या खांद्याला. नजर खालच्या वळणावर ठेवली. बूड मागं गेलं. बोटं सुटली.

सायकल खाली गेली.

क्षणभर चाकांखाली काही नव्हतं. मग पुढचं चाक जांभ्यावर आदळलं, दोन्ही हातांतून कळ थेट मानेपर्यंत गेली, हँडल एकदा डावीकडं लचकलं, तिनं ते आवरलं, आणि ती वळणात होती. मागं गलका झाला. काटा किर्र, असं कुणीतरी खुशीत ओरडलं. त्या गलक्यात अमरसिंहचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो शेजाऱ्याला विचारत होता, "गेली? गेली काय?"

ती जांभळीपाशी आली, तेव्हा महिला गटाच्या मुली सुरुवातीच्या रेघेवर उभ्या होत्या. पाचजणी. त्यांच्यासमोरून ती वाऱ्यासारखी गेली. पूर्णिमाचं तोंड उघडं राहिलेलं तिला दिसलं.

त्यापुढचा रस्ता खरंच सोपा होता आणि तिथंच ती पडली. शाळेच्या अलीकडं शेताचा बांध लागतो, त्याच्यावरून वळताना तिचं लक्ष नव्हतं. ती हसत होती. चाक बांधावरून घसरलं आणि ती नांगरलेल्या वावरात आडवी झाली. कोपर सोलवटलं, तोंडात माती गेली. बांधावर उभ्या असलेल्या पोरांना हसावं की धावावं कळेना. तिनं थुंकून माती काढली, खांदा चाचपला, सायकल उचलली आणि शाळेच्या मैदानात येऊन थांबली. वेळ घेणाऱ्या मुलानं घड्याळाकडं बघितलं नाही. त्याला तसं सांगितलेलं होतं.

"पाणी हाय काय?" तिनं त्याला विचारलं.

पाणी पिऊन होतं तोवर वरून जोतीरामचा आवाज वॉकी-टॉकीवर खरखरत आला. महिला गट सुटत नाही, असं तो सांगत होता. पूर्णिमानं सायकल खांद्यावर घेतली आणि भाऱ्याच्या वाटेनं वर चालायला लागली. तिच्यामागं दुसरी गेली, मग उरलेल्या तिघी. जीपवाला हाका मारत राहिला. कुणी थांबलं नाही. वर विजयसिंहपाशी जाऊन त्या म्हणाल्या, आम्ही इथून सुटणार, धरायचं तर सगळ्यांना बाद धरा. सगळ्यांना बाद धरलं तर महिला गटाचं बक्षीस द्यायचं कुणाला, हा प्रश्न विजयसिंहला पडला. त्यानं कमिटीतल्या कुणाकुणाला फोन केले. वारं एवढं होतं, की बोलणं धड ऐकू येत नव्हतं. शेवटी तो जोतीरामला म्हणाला, "सोड त्यांना."

पाचही जणी वरून आल्या. एकीनं तिसऱ्या पायरीवर सायकल हातानं उतरवली आणि पुन्हा बसून पुढं आली. त्याला नियमात कुठं बंदी नव्हती. दुसरीचा गुडघा फुटला. पूर्णिमा तिन्ही पायऱ्या अशी उतरली, की बघणाऱ्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. पहिला नंबर तिचाच. वर्षाराणीनं मैदानात उभं राहून घसा बसेपर्यंत तिला आवाज दिला.

दुपारी शाळेच्या ओट्यावर बक्षीस समारंभ झाला. चषक वाटून झाले, फोटो झाले, आणि विजयसिंहनं ध्वनिक्षेपक परत हातात घेतला. सोंडवाडीच्या सूनबाई, जिद्दीचं उदाहरण, असं काहीबाही बोलून त्यानं विशेष सत्कारासाठी वर्षाराणीचं नाव पुकारलं. टेबलावर शाल आणि नारळ तयार होता. तो माणूस वाईट नव्हता. चूक निस्तरायची त्याला एवढीच रीत माहीत होती.

वर्षाराणी ओट्यावर गेली. कोपराला रुमाल बांधलेला, कपड्यांवर मातीचे डाग. त्यानं शाल उघडली, तशी ती एक पाऊल मागं सरली.

"मला सकाळी बाद धरलंय तुमी," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक जवळच होता, त्यामुळे सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "बाद झालेल्याचा सत्कार करत्यात व्हय? शाल ठेवा. त्यापरीस पुढल्या साली बायकांची सुरुवात कुठनं, ते आत्ता हितं सांगा."

विजयसिंहच्या हातात शाल तशीच उघडी राहिली. तो लोकांकडं बघून हसला. लोक हसले नाहीत. मागच्या बाजूला सोंडवाडीच्या बायका उभ्या होत्या, धुणं-भांडी आटोपून आलेल्या, त्यांच्यात आक्काही होत्या, डोक्यावर पदर घेऊन. त्यांच्यातून एकीनं विचारलं, "सांगा की पावणं."

"कमिटीत ठरवू," विजयसिंह म्हणाला.

"कमिटीतल्या बायका किती?" वर्षाराणीनं विचारलं.

ध्वनिक्षेपक नुसता गुणगुणत होता. मग त्यानं शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि नीट, साध्या आवाजात म्हणाला, "वरनं. पुढच्या वर्षीपासनं सगळ्यांची सुरुवात वरनं." टाळ्या पडल्या. वर्षाराणीनं मान हलवली आणि ती ओट्यावरून उतरली. नारळ मात्र जाता जाता आक्कांनी उचलून पिशवीत घातला. फोडायचा तर देवापुढं फोडू, म्हणाल्या, असा टेबलावर कशाला वाळत ठेवायचा.

घरी अमरसिंहनं गरम पाणी केलं. परसात दगडावर तिला बसवून तो कोपरातली माती कापसानं काढत होता. जखमेला हळद लागली तशी तिनं दात आवळले.

"तुमी येणार नव्हतासा न्हवं?" ती म्हणाली.

"नव्हतोच."

"मग?"

त्यानं कापूस बदलला. "घरात बसलो तर सारखा त्यो आवाज यायला लागला. म्हटलं, पडली तर उचलायला जवळ तरी असावं. तिथं गेलो, तर बघवंना."

"पाठ करून उभं राहिलासा."

"व्हय."

"पुढल्या साली बघशीला काय?"

अमरसिंहनं खरंच विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "न्हाय," तो म्हणाला. "पुढल्या सालीबी बघवणार न्हाय."

"मग पाठ करून ऱ्हावा," वर्षाराणी म्हणाली. "मी थांबणार न्हाय."

"माहिताय मला," तो म्हणाला आणि तिच्या कोपरावर पट्टी गुंडाळायला लागला. रस्त्यावर कॅन आपटल्याचा आवाज झाला. संध्याकाळचं दूध घेऊन माणसं यायला लागली होती. तिनं दुसऱ्या हातानं केस सारखे केले आणि पट्टीची गाठ बसायच्या आतच ती उठली.